नाव कमी करण्याचे कारण

मंगळवारी अकराच्या सुमाराला माझ्या टेबलासमोरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर एक बाई येऊन बसली आणि म्हणाली, "रेशनकार्डावरनं नाव कमी करायचंय." मी मान वर केली नाही. खालापूरच्या तहसील कचेरीसमोर पत्र्याच्या शेडमध्ये बसून मी तीस वर्षं लोकांचे अर्ज लिहून देतोय, आधी टाइपरायटरवर, आता लॅपटॉपवर, आणि माणसाचं तोंड न बघता त्याचं काम उरकायची सवय या धंद्यात पहिल्या वर्षातच लागते. तोंड बघितलं की माणूस गोष्ट सांगायला लागतो, आणि अर्जात गोष्टीला जागा नसते. मी फॉर्म उघडला. "कुणाचं नाव?" "माझं." "कारण? लग्न का मयत?" हे मी सगळ्यांनाच असं विचारतो. समोर बसलेलं माणूस स्वतःचंच नाव कमी करायला आलंय म्हटल्यावर त्यातला एक पर्याय आपोआप गळतो, एवढंही माझ्या ध्यानात आलं नाही. जिभेला वळण पडलंय ते पडलंय. "दोन्ही नाय, पप्पा," ती बाई म्हणाली. तेव्हा मी मान वर केली. समोर माझी मुलगी बसली होती. अक्षदा. मांडीवर हेल्मेट, त्यावर दोन्ही हात, आणि चेहऱ्यावर मोठ्या प्रयत्नानं दाबलेलं हसू. सत्तावीस वर्षं जिचा आवाज घरात ऐकतोय तो मला टेबलापलीकडून ओळखता आला नाही, याची मला इतकी लाज वाटली की मी उगाच प्रिंटरचं झाकण उघडून आत बघितलं.

तिचं म्हणणं साधं होतं. खोपोलीत शिळफाट्याला तिनं एक खोली बघितली होती, एक तारखेपासून ती तिथं राहायला जाणार होती, आणि गॅसवाल्यानं सांगितलं होतं की एका कुटुंबाला एकच जोडणी मिळते, तेव्हा आधी वडिलांच्या कार्डावरचं नाव कमी करा आणि स्वतःचं वेगळं कार्ड काढा. हे तिनं मला असं सांगितलं, जसं कुणी सांगावं की येताना कोथिंबीर आणा. खोली, शिळफाटा, एक तारीख. एकटी राहणार का कुणाबरोबर, हे विचारायला मी तोंड उघडलं तेवढ्यात तीच म्हणाली, "एकटीच. कुणी मुलगा वगैरे नाय. असता तर लग्न लिहून टाकलं असतं, तुमचं काम सोपं." मग तिनं रांगेत मागं उभ्या असलेल्या माणसाकडे बघितलं आणि खुर्ची थोडी पुढं ओढून घेतली. नंबर लावून आली होती. घरी, जेवताना, गाडीवर, कुठंही बोलता आलं असतं. पण पोरीला ठाऊक होतं की घरी मी बाप असतो आणि बाप म्हणून मी काहीतरी बोललो असतो. टेबलावर मी फक्त रकाने भरतो.

आता हा रकाना. सरकारी मराठी ही मोठी सांभाळून बोलणारी भाषा आहे. कार्डावरचं नाव काढत नाहीत, कारण पोरीनं नाव काढलं म्हणजे ते कौतुक झालं; खोडतही नाहीत, कारण खोडलं की मागं काहीतरी भानगड आहे असं वाटतं. नाव वाढवतात आणि नाव कमी करतात. मूल झालं, वाढवा. सून आली, वाढवा. आणि कमी करायचं असेल तर फॉर्मवर अर्ध्या ओळीची जागा आहे: नाव कमी करण्याचे कारण. तीस वर्षं मी त्या अर्ध्या ओळीत विवाह लिहितोय किंवा मृत्यू लिहितोय, आणि भावाभावांचं झालं असेल तर विभक्त. माझ्या वडिलांचं, आबाजींचं नाव मी स्वतः कमी केलं, तेव्हासुद्धा मला काही वाटायच्या आत हातानं 'मृत्यू' लिहून टाकलं होतं. रडू आलं ते सही करताना. अक्षदासाठी मी मनातल्या मनात सगळे शब्द लावून बघितले. नोकरीनिमित्त स्थलांतर हा सगळ्यात सभ्य शब्द होता. पण ती नोकरी करते रसायनीला, एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत, आणि शिळफाट्याची खोली आमच्या घरापेक्षा कारखान्यापासून लांब पडते. चांगली पाच किलोमीटर लांब. नोकरीसाठी म्हणून नोकरीपासून लांब जाणारं माणूस या तालुक्यात अजून जन्मलेलं नव्हतं, आणि कचेरीतल्या प्रत्येकाला ते अंतर तोंडपाठ. मी म्हणालो, "फॉर्म राहू दे. दुपारनंतर बघू." माझ्या तोंडातून लोकांसाठी हे वाक्य दिवसातून दहा वेळा निघतं आणि ते ऐकून लोकांचा चेहरा कसा होतो ते मी कधी बघितलेलं नव्हतं. अक्षदाचा चेहरा मात्र तसा झाला नाही. ती म्हणाली, "मी थांबते ना. आज सुट्टी हाय माझी," आणि उठून बाकावर बसली.

बाकावर बुधाजी होते. आमच्याच पंचक्रोशीतले, डोंगराच्या पायथ्याच्या वाडीतले, सत्तरी उलटलेले गृहस्थ. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या दोन मुलांची नावं मीच कमी करून दोन वेगळी कार्डं काढून दिली होती, कारण विभक्त. विभक्त म्हणजे काय, तर एकाच ओटीवर चार-चार हातांवर तीन चुली. आणि भाजी चांगली झाली की तिन्ही घरं त्याच चुलीपाशी. आता धाकट्याला परत बापाच्या कार्डात यायचं होतं, म्हणून ते आले होते. त्यांनी आमचं सगळं बोलणं कान देऊन ऐकलं होतं आणि ते लपवायची त्यांना काही गरज वाटत नव्हती. "सुनील," ते मला म्हणाले, "पोरगी जाते म्हंते तर तुजं त्वांड का रं असं झालं? माजं दोगं चाळिशीचं झालं, जा म्हनलं तरी जाईत नाय. मला दोन फॉरम दे. कारन लिव, बापाला कंटाळा आलाय." अक्षदा इतकी हसली की हेल्मेट घरंगळत माझ्या टेबलाखाली आलं. रांगेतली माणसंही हसली. मीही हसलो, पण मला आतून कळत होतं की मी हसतोय ते वेळ काढायला. मला भीती वाटत होती. कसली, ते सांगता आलं नसतं. पोरीला काही होईल ही नव्हे, ती धड आहे, कारखान्यात चौदा माणसांची पाळी सांभाळते. भीती अशी होती की उद्या गावात कुणी विचारलं, "अक्षदा का गेली रे?" तर मला उत्तर देता येणार नाही. मुलगा पुण्याला गेला तर तो नोकरीला गेला. मुलगी सासरी गेली तर ती दिली. घराबाहेर अकरा किलोमीटरवर, घरच्यासारखीच भाजी आणि घरच्यासारखाच भात एकटीनं खायला जी जाते, तिच्यासाठी आमच्याकडे शब्द नव्हता, आणि शब्द पुरवणं हाच माझा धंदा.

दोनला टेबल बंद करून मी तिच्या गाडीवर मागं बसलो. ती चालवते, मी मागं. ही आमची कित्येक वर्षांची पद्धत, कारण मला गाडी येत नाही. तिच्या पाठीशी आणि हेल्मेटशी बोलायचं, त्यामुळे खरं बोलणं बरंचसं गाडीवरच होतं. हायवेवरचे ट्रक ओलांडून आम्ही आतल्या रस्त्याला लागलो तसं मी ओरडून विचारलं, "घरात तरास काय हाय तुला?" ती ओरडून म्हणाली, "काय नाय!" "मंग?" "तरास नाय म्हणूनच! तरास असता तर कधीच पळाले असते, तुम्हाला कारण मिळालं असतं!" पुढे एक म्हैस आडवी आली, गाडी थांबली, आणि इंजिनाचा आवाज कमी झाल्यावर ती हळू आवाजात म्हणाली, "पप्पा, कंपनीत माझ्या सहीशिवाय टँकर बाहेर पडत नाय. घरी आले की आई विचारते डबा संपवलास का." मी म्हणालो, "मंग इचारू नये का तिनं?" "विचारू दे ना. मला राग नाय येत. पण एकदा तरी नाय संपवला तर काय होतं ते मला बघायचंय." म्हैस निघून गेली. मी म्हणालो, "काय व्हनार, आंबेल." "हां, तेच," ती म्हणाली, आणि तिच्या पाठीवरून मला कळलं की ती हसतेय.

त्या रस्त्यावर एका वळणानंतर समोर माथेरानचा डोंगर येतो. रोज येतो, मी रोज बघतो, आणि त्या दिवशी मला तो बघून वाईट वाटलं. तेविसाव्या वर्षी मी तिथं एका हॉटेलात कामाला होतो, चार महिने. आलेल्या पाहुण्यांचं नाव, गाव, कुठून आलात, कुठं जाणार, हे एका जाड वहीत उतरवायचं. अक्षर चांगलं होतं म्हणून ते काम. राहायला स्वयंपाकघराच्या मागं एक खोली, एक खाट मावेल एवढी, खिडकीबाहेर घोडे बांधलेले. त्यांच्या लिदीचा वास, लाल माती, आणि सकाळी हातरिक्षावाल्यांचं बोलणं. पहिल्या दिवशी दुपारी काम संपवून मी खाटेवर बसलो तेव्हा मला कळेना की आता काय करायचं. कुणी काही सांगत नव्हतं. मी बराच वेळ नुसता बसलो, मग उठून खाट खिडकीकडून भिंतीकडे ओढली, मग परत खिडकीकडे. कुणी विचारलं नाही का ओढलीस. ती मजा मी त्यानंतर कशातच अनुभवली नाही. आणि बाराव्या-तेराव्या दिवशी माझ्या लक्षात आलं की मी आल्यापासून चहा प्यायलेला नाही. हॉटेलात चहाचं पातेलं उकळतच असायचं, पण उठून घ्यायला लागायचा, आणि मी उठलोच नव्हतो. मला चहा आवडत नाही, ही गोष्ट मला तेविसाव्या वर्षी माथेरानला कळली. घरी तो समोर यायचा, दोनदा, आणि समोर आलं की पितात. चौथ्या महिन्यात एक दिवस आबाजी जंगलातली वाट चढून वर आले, खांद्यावर पंचा, आणि हॉटेलच्या मागच्या दाराशी उभे राहून म्हणाले, "चल. आई जेवत नाय तुज्यामागं." मी एका पिशवीत सामान भरलं आणि उतरलो. घरी पोचलो तर आई ओटीवर बसून भाकरी खात होती, चांगली दोन. मला बघून ती उठली आणि तिनं माझ्यासमोर चहा ठेवला. मी प्यायलो. तेव्हापासून पितोय. लोकांना मी सांगतो की माथेरानची थंडी सोसली नाही. हे मी इतक्या वेळा सांगितलंय की सुगंधालाही, म्हणजे माझ्या बायकोलाही, तेच माहीत आहे. अक्षदाच्या पाठीमागं बसून डोंगराकडे बघताना मला साफ कळलं की मला पोरीच्या जाण्याची भीती वाटतेय त्याहून जास्त तिचा हेवा वाटतोय. बापाला पोरीचा हेवा वाटावा हे काही बरं नाही. मी डोंगराकडे बघायचं सोडून रस्त्याकडे बघायला लागलो.

बुधवार, गुरुवार, शुक्रवार मी तो फॉर्म पिशवीत घेऊन हिंडलो. कच्च्या कागदावर मसुदे केले. 'अर्जदार ही सुशिक्षित असून तिला स्वावलंबी जीवन जगण्याची इच्छा असल्याकारणाने'. हे वाचून मलाच वाटलं की पोरगी आश्रमात चालली आहे. 'घरातील जागा अपुरी पडत असल्याने'. तीन माणसांना चार खोल्या आहेत आमच्या. 'प्रकृती अस्वास्थ्य', हे लिहिलं आणि घाईघाईनं फाडलं, उगाच तोंडातून निघायला नको. दुसऱ्यांच्या अर्जात मी काय काय लिहिलंय! एका माणसाच्या सासूचा खडूसपणा मी 'कौटुंबिक अडचण' या दोन शब्दांत बसवलाय. तालुक्यातल्या निम्म्या लोकांची कारणं माझ्या हातची आहेत, आणि स्वतःच्या पोरीच्या अर्ध्या ओळीपुढं माझं डोकं चालेना. त्यात एक चोरटा विचार होता, तोही सांगून टाकतो. कारण सापडलं नाही तर फॉर्म भरला जाणार नाही, फॉर्म भरला नाही तर मी सही करणार नाही, सही नाही तर कार्ड नाही, कार्ड नाही तर गॅस नाही, आणि गॅसशिवाय पोरगी किती दिवस बाहेरचं खाईल? येईल परत. आबाजींना डोंगर चढायला लागला होता. मला नुसतं एका रकान्यापाशी अडून बसायचं होतं. हे माझ्या मनात आलं आणि मला ते आवडलंही, अगदी दोन दिवस.

शनिवारी सकाळी सुगंधा परसात बसून वाल सोलत होती. भिजवून मोड आलेले वाल सोलायचं काम चिकाटीचं, एकेक दाणा चिमटीत धरून दाबायचा. मी मदतीला बसलो, कारण बोलायचं होतं. अक्षदा पाळीवर गेली होती. मी जरा मोठा आवाज काढून म्हणालो की मी विचार केलाय, कारण पटल्याशिवाय मी काही सही करणार नाही, कागद म्हणजे कागद असतो. सुगंधानं तीन-चार दाणे सोलले. मग म्हणाली, "तुमची सही कशाला लागते?" मी म्हणालो, "कुटुंबप्रमुखाची सही लागते. नियम हाय." "मंग?" ती म्हणाली. "कार्ड कुनाच्या नावावर हाय?" मी तिच्याकडे बघितलं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि मग ती हसायला लागली, सुरुवातीला तोंडावर पदर धरून आणि मग पदर सोडून. दहा-बारा वर्षांपूर्वी नियम बदलला, घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईला कुटुंबप्रमुख धरायचं ठरलं, आणि गावोगावच्या बायांची नावं पुरुषांच्या जागी लावायचे फॉर्म मीच पाट्या टाकाव्या तसे भरले. रांगा लागल्या होत्या माझ्या टेबलापुढं. आई आधीच गेलेली, तेव्हा आमच्या घरातली मोठी बाई सुगंधाच; त्या रांगेत आमचंही कार्ड होतं. तिचा फोटो मीच चिकटवला, तिचं संपूर्ण नाव माझ्याच अक्षरात लिहिलं, आणि घरी येऊन विसरून गेलो. तीस वर्षं दुसऱ्यांचे रकाने तपासणाऱ्या माणसाला स्वतःच्या कार्डावरचा पहिला रकाना आठवत नव्हता. चार दिवस मी जी सही अडवून बसलो होतो ती माझी नव्हतीच.

"तुला ठाऊक होतं?" मी विचारलं. "मला रेशनच्या दुकानात दर महिन्याला माझं नाव घेऊन हाक मारतात," ती म्हणाली, "तुमी कदी गेलाय का?" मग तिनं वालाचं ताट बाजूला सारलं. "खोली मी बगून आले. मागल्या आयतवारी, कीर्तनाला जाते म्हनून गेले ती तिकडंच गेले व्हते. चांगली हाय. खिडकीतनं वारा येतो. कुकर पन घेतला तिला, ल्हान, दोन मान्सांचा." म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. रागवायचं होतं, पण कुणावर रागवायचं ते चटकन ठरेना. मी म्हणालो, "अगं पन कारण काय लिवू? तूच सांग." तिनं उलट मलाच विचारलं, "माझं नाव माहेरच्या कार्डावरनं कमी केलं तेव्हा काय लिवलं व्हतं?" "विवाह." "ते माझं कारन व्हतं का? मला कुनी इचारलं? ईस वर्साची व्हते. तिकडं कमी झालं, हितं वाढलं. मदी एक दिवस पन नुसती माझी म्हनून मी कुठल्या कार्डावर नव्हते." इथं मी गप्प बसायला हवं होतं, पण धंद्यातला माणूस, चुकीची नोंद कानावर पडली की राहवत नाही. मी म्हणालो, "तसं नाय ते. तिकडं नाव कमी झालं लग्नानंतर लगेच, आणि हितं वाढवायला मला अकरा म्हैने लागले. मी विसरलो होतो. अकरा म्हैने तू कुठल्याच कार्डावर नव्हतीस." तिनं विचारलं, "मंग ते अकरा म्हैने मी कुठं व्हते?" "हितंच. भाकऱ्या भाजत होतीस." यावर ती इतकी हसली की शेजारच्या परसातून कुणीतरी विचारलं काय झालं, आणि मग हसता हसता तिचे डोळे भरले आणि ते पुसायला तिचे हात मोकळे नव्हते, वालाचे होते. मी माझ्या शर्टाच्या बाहीनं पुसले. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण तेवढं मी आधी कधी केलेलं नव्हतं. मला तिची फार माया आली आणि स्वतःची थोडी शरम वाटली.

"आना तो फॉरम," ती म्हणाली. मी आणला. हात धुऊन ती चटईवर बसली आणि मला म्हणाली, "लिवा. मोठी झाली." मी म्हणालो, "हे कारण नसतं गं. असं चालत नाय तिकडं." "मला फुडाऱ्याच्या जागी लावलंय ना? मी सांगते ते लिवा. नाय घेतलं तर मी सोताच कचेरीत येते." मी लिहिलं. नाव कमी करण्याचे कारण: मोठी झाली. अर्ध्या ओळीत बसलं, उलट जागा उरली. आजवर या रकान्यात मी लिहिलेल्या सगळ्या शब्दांत तेवढेच दोन मला खरे वाटले. सुगंधानं जपून, जीभ थोडी बाहेर काढून सही केली. सोमवारी पुरवठा शाखेतल्या कारकुनानं फॉर्म वाचला, चष्मा वर करून परत वाचला आणि मला म्हणाला, "सुनीलभाऊ, हे काय?" मी म्हणालो, "कुटुंबप्रमुखाचं म्हणणं आहे." तो भला माणूस, त्याच्या स्वतःच्या दोन मुली. फॉर्म माझ्याकडे परत सरकवून तो म्हणाला, "कंसात स्थलांतर लिहा म्हणजे बसेल." मी कंसात स्थलांतर लिहिलं आणि ते बसलं.

एक तारखेला ती गेली. टेंपो वगैरे काही लागला नाही. तिच्या मैत्रिणीच्या गाडीवर दोन पिशव्या, तिच्या गाडीवर गादीची वळकटी, आणि मधे सुगंधानं कोंबलेलं सुकं खोबरं आणि मसाल्याची बरणी. गावात दोघा-तिघांनी विचारलं, "पोरगी खोपोलीला गेली म्हंतात? का?" मी म्हणालो, "मोठी झाली." आश्चर्य म्हणजे पुढं कुणी काही विचारलं नाही. एक जण तर म्हणाला, "हां, ते पन हायच." त्यानंतरचे दिवस मला वाटलं होतं तेवढे वाईट गेले नाहीत. घरात आवाज कमी झाला, हे खरं. सुगंधा दोन वेळा तीन ताटं घेऊन बसली आणि स्वतःवर चिडली. पण संध्याकाळी अक्षदाचा फोन यायचा आणि त्यात ती अशा गोष्टी विचारायची ज्या आम्हाला कधी कुणी विचारल्या नव्हत्या: खोबरं आधी भाजायचं का कांदा, फरशीवर तेल सांडलं तर काय करायचं, एकट्या माणसाला भात किती लावायचा. सुगंधा फोन दोन्ही हातांनी धरून उत्तर द्यायची. भात किती, यावर मात्र ती अडली. तिनं एका माणसाचा भात आयुष्यात कधी लावलेला नव्हता.

तिसऱ्या आठवड्यात तिचं कार्ड झालं. ते मीच हातात घेतलं, कचेरीच्या खिडकीतून. कुटुंबप्रमुख: अक्षदा सुनील. व्यक्तींची संख्या: एक. दुसऱ्या दिवशी रविवार होता, तेव्हा मीच ते द्यायला शिळफाट्याला गेलो, न कळवता, सहा आसनी रिक्षातून. बाजाराच्या मागल्या गल्लीतली तीन मजली इमारत. जिना चढून मी तिच्या दारापुढं उभा राहिलो. दार बंद होतं. माझ्या बोटाजवळ बेल होती, आणि ती वाजवायला मला थोडा वेळ लागला, कारण माझ्या पोरीच्या घराला बेल असेल हे मी धरलं नव्हतं. आतून आवाज आला, "कोण?" आम्ही सत्तावीस वर्षं एका छपराखाली राहिलो, पण मला तिनं कोण असं कधी विचारलेलं नव्हतं. मी म्हणालो, "मी गं." आत काहीतरी पडलं, भांडं असावं, आणि मग घाईघाईचा आवाज, "पप्पा? अगं बाई! थांबा हां, दोन मिनटं, पसारा हाय!" मला तिनं बाहेर थांबवलं. बापाला! आत पायांचा, खुर्ची ओढल्याचा, कपाटाचा आवाज येत होता, आणि मी जिन्यात उभा राहून तो सगळा आवाज कान लावून ऐकत होतो आणि मला हसू आवरत नव्हतं. तेवढ्यात खालून एक बाई भाजीच्या पिशव्या घेऊन चढत आली, समोरच्याच दाराची; मेहनाज, हे नाव मला नंतर कळलं. मला असा दारापुढं एकटाच हसत उभा राहिलेला बघून तिला जरा वेगळं वाटलं असावं. पिशव्या खाली ठेवून तिनं विचारलं, "काका, कुणाकडे आलात?"

मी उत्तर द्यायला लागलो आणि मला जाणवलं की पोरीच्या नावाला जोडून हा शब्द मी पहिल्यांदाच बोलतोय. आमच्या गावात अजूनही लोक माझ्या घरी येतात ते आबाजींकडे जातो म्हणून येतात. माणूस जाऊन नऊ वर्षं झाली तरी. घर माझ्या नावानं ओळखायचं राहून गेलं, ते राहूनच गेलं.

"अक्षदाकडे," मी म्हणालो.

"अच्छा, अक्षदाकडे," ती म्हणाली, आणि किल्ली शोधायला लागली. मी शर्ट नीट खोचला आणि दार उघडायची वाट बघत राहिलो.